समोरच्या घरचं आवतन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पत्रावळी.

शनिवारची दुपार होती. थंडीचे दिवस, ओट्यावर ऊन गोड लागून राह्यलं होतं. मी बांबूच्या बारीक काड्या चिरून देत होतो अन् बायको पळसाची पानं जोडून टाचत होती. पानं मीच सकाळी शहराबाहेरच्या रानातून आणली होती. इथून रान काई दूर नाई. लेआऊट संपला का झुडपं चालू होतात.

"काडी जाड आहे," ती म्हणाली. "पान फाटते."

"हात म्हातारे झाले माहे."

"हातच कसे झाले? तोंड तर काई म्हातारं नाई झालं तुमचं."

मी दुसरी काडी चिरली. तिनं तीबी परत केली. एक्कावन्न वर्षं तिनं माही पहिली काडी कधी घेतली नाई.

ह्या पत्रावळी समोरच्या घरासाठी होत्या. आमच्या दारासमोर नवं दुमजली घर झालं होतं. रविवारी त्याची वास्तू होती. मंडप पडला होता, गेटले झेंडूच्या माळा लागल्या होत्या. आम्हाले कोणी बलावलं नव्हतं. तरी बायको पत्रावळी टाचून राह्यली होती, काऊन का आमच्या गावची तीच रीत आहे.

आमचं गाव वैनगंगेच्या पल्याड, सावलीकडच्या धानपट्ट्यात. तिथी कोणाच्या घरी कार्य असलं का दर घरातून पन्नास पत्रावळी जातात. कोणी मांगत नाई, कोणी सांगत नाई. पत्रावळी ठेवून घेतल्या का समजाचं, आपलं आवतन पक्कं. मंग कार्याच्या दिवशी त्या घरचं कोणीतरी दारात येऊन म्हणते, "चला, पानं मांडली." तेवढंच. कार्डबिर्ड काई नाई. अन् पत्रावळी परत आल्या तर समजाचं का वैर आहे. एका घराशी आमचं बांधावरून भांडण होतं. त्यानं दोन वर्षं आमच्या पत्रावळी वापस केल्या. माही माय मेली तेव्हा तोच माणूस सगळ्यायच्या आधी डोक्यावर पत्रावळीचा गठ्ठा घेऊन आला, ओट्यावर ठेवला अन् बसला. भांडणाचा शब्द ना त्यानं काढला ना मी. भांडण तिथीच संपलं.

म्हणून समोर मंडप पडला तशी बायको म्हणाली, "पानं आणा."

मी म्हटलं, "अव, इथी नाई चालत हे. कार्ड आलं का तुले?"

"कार्ड कायले पाह्यजे? त्याह्यचं दार उघडलं का आपला ओटा दिसते."

"दिसते त सगळंच. पाह्यते कोण?"

तिनं हातातली काडी पानात खोचली अन् माह्याकडं पाह्यलं. "मंग एक करू. ह्या घरानं आवतन देल्लं तर मी इथी राह्यतो. गावाचं नाव काढत नाई. नाई देल्लं तर संक्रांत झाली का मले घरी घेऊन चला. मंजूर?"

चार वर्षांपासून ती हेच मांगत होती. दर सणाले इचारे, 'आता कधी जाऊ?' अन् दर सणाले मी पुढचा सण दाखवे. ह्या वेळी मी म्हटलं, "मंजूर."

मले इथी राहाचं होतं. लपवून काय करू.

चार वर्षांआधी गावात तिचा दमा उसळला होता. नाल्याले पूर, एसटी बंद. चौघांनी तिले खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. तिथी एक ट्रॅक्टर भेटला, मंग जीप. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचे ओठ जांभळासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आणून फायदा नव्हता. पोरगा पुण्याकडं कंपनीत आहे. त्यानं ते ऐकलं अन् गडचिरोलीच्या टोकाले प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, आम्हाले आणून टाकलं.

इथी आल्यावर तीन वेळा तिले दवाखान्यात नेलं. ऑटोनं दहा मिनिटं. तिन्ही वेळा तोंडावर वाफेचा मास्क लावला, सुई देल्ली, अन् ती माह्यासंग चालत घरी आली. गावात राह्यलो असतो तर पहिल्याच वेळी गेली असती. हे मी इसरत नाई. शहरानं मले चार वर्षं देल्ली, कोणाचा बाप देत नाई तेवढी.

अजून सांगतो. इथी नळ आहे, एक दिवसाआड का होईना येते. गॅस आहे, चुलीचा धूर तिच्या छातीत जात नव्हता. संडास घरात आहे. हे लिहाले लाज वाटू नाई, म्हाताऱ्या माणसाले इचारा याची किंमत. गावात पहाटे टॉर्च घेऊन बांधावर जा, अन् मांगं वाघाचं भेव. आमच्याकडं वाघ काई गोष्टीतला नाई. अंधार पडला का गाव दारं लावते. इथी रातभर रस्त्यावर खांब जळतात, वाघाची आठवणबी येत नाई. माहे गुडघे गेले आहेत. मले हे सगळं पाह्यजे होतं.

पण जागा मात्र घाण. थू! घाण म्हणजे घाण.

हा लेआऊट म्हणजे धानाची बांधी होती. मुरूम टाकून भरली, चुन्यानं चौकोन आखले, बोर्डावर कारंज्याचं चित्र काढलं अन् विकली. पाणी इसरते का आपली जागा? पावसाळ्यात आमच्या मोरीतून बेडूक वर येतात. पहिल्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीले लागून आपोआप धान उगवलं, जुन्या मातीत बी राह्यलं असन. बायकोनं ते राखलं, पिकल्यावर इळ्यानं कापलं, मूठभर तांदूळ निघाला. शेजारचे साहेब भिंतीवरून म्हणाले, "बाबाजी, गवत वाढू देऊ नका, साप येते."

नाली कोणी सोडली नाई, कारण नाली सोडली तर प्लॉट दोन फूट कमी होते. मंग धुण्याचं, भांड्याचं सगळं पाणी रस्त्यावर. हिरवं, फेसाचं, त्याच्यावर डासायचं गाव बसलेलं. रिकाम्या प्लॉटात जो तो कचरा फेकते. खिडकीतून हात निघते, पन्नी उडते, हात आत. हाताचं तोंड दिसत नाई. डुकरं येतात. एकदा एक कुत्रं मरून पडलं. तीन दिवस पडून होतं. लोक नाकाले रुमाल लावून गाड्या काढत, अन् मोबाईलवर एकमेकाले फोटो धाडत. चौथ्या दिवशी मी फावडं घेतलं, खड्डा खणला, पुरलं. वरच्या गच्चीवरून एक बाई म्हणाली, "बरं झालं बाबा, नगरपालिकेनं माणूस धाडला." तिले वाटलं मी सफाईवाला आहे.

माणसं म्हणाल तर सकाळी पांढरे बूट घालून फिरतात. झपझप. माह्या ओट्यासमोरून जातात. पहिल्या महिन्यात एक-दोन जण थांबले. सगळ्यायचा सवाल एकच, "कोणत्या खात्यात होते, बाबाजी?" इथी सगळे कोणत्या ना कोणत्या खात्यातले. मी म्हणे, "शेतात." ते म्हणत, "अच्छा, अच्छा." अन् बूट पुढं जात. चार वर्षांत त्या 'अच्छा'च्या पुढं गोष्ट गेली नाई.

बायकोनं एकदा गच्चीवर मोहफुलं वाळत घातली. आमच्याकडं ते खातात, भाजून, गुळात घालून, थंडीत हातपाय दुखतात त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी दोन साहेब गेटवर आले. हळूच, लाजून, जसं काई मले वाचवाले आले होते तसं म्हणाले, "बाबाजी, आपल्या लेआऊटमध्ये दारूगिरू नको. चांगल्या वस्तीत राहतो आपण." बायकोनं ऐकलं. फुलं गोळा केली अन् पोतं बांधून ठेवलं. परत वाळवली नाई. तेव्हापासून तिनं गच्चीवर जाणंच सोडलं.

गाव काई देवळासारखं आहे असं नाई. गावात कोणाच्या घरी काय शिजलं तेबी सगळ्यायले ठाऊक, कोणाची सून कायले माहेरी गेली तेबी. पण गावात वैर करालेबी माणूस तुमच्याकडं पाह्यते. इथी तुमच्यातून आरपार पाह्यतात.

तर शनिवारी दिवस बुडाच्या आधी पत्रावळी झाल्या. पळसाच्या मुळीचा वाक, म्हणजे मुळी कुटून काढलेले धागे, तिनं गावातून आणून ठेवला होता, त्याच्या दोरीनं गठ्ठा बांधला. तिची गाठ वेगळी असे, दोन वेढे अन् शेवट आत खोचलेला. गठ्ठा डोक्यावर घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. मी गेटपर्यंत गेलो, पुढं नाई.

समोरच्या घरची बाई मंडपवाल्यावर ओरडून राह्यली होती. तिशीतली असन. स्कूटरवरून येता-जाता आम्हाले पाहून हसे, एवढीच ओळख. बायकोले पाहून म्हणाली, "आजी, हे काय?"

"पत्रावळी होत, बाई. तुमच्या घरी कार्य आहे ना."

"अरे वा! तुम्ही केल्या? हातानं?" तिनं मोबाईल काढला. "थांबा, थांबा, हसा ना आजी." फोटो काढला. गठ्ठ्याचा एक, बायकोचा एक. "किती मस्त! ठेवा तिथी, पायरीवर ठेवा."

बायको वापस आली तेव्हा तिच्या पायाले थारा नव्हता.

"घेतल्या!" ती म्हणाली. "फोटोबी काढला माहा."

"मंग हरली तू. आता गाव इसर."

"हरलो त हरलो." असं म्हणून ती हसली. मले तेव्हा कळलं का हिले गावाचं एवढं काई नव्हतं. हिले कोणीतरी 'चला' म्हणावं, एवढंच होतं. चार वर्षं मी उगाच सण मोजले.

रविवारी ती लवकर उठली. डोक्यावरून पाणी घेतलं. पोराच्या लग्नातलं हिरवं लुगडं पेटीतून काढलं, त्याले डांबरगोळीचा वास येत होता. नेसली, कुंकू लावलं अन् दाराच्या आत खुर्ची टाकून बसली. दार उघडं. सकाळचा चहा तेवढा पेली. आवतनाच्या घरी पोट भरून जात नाई कोणी.

समोर भोंगा वाजून राह्यला होता. गाड्या लागल्या, आमच्या गेटसमोरबी लागल्या. बाया दागिने घालून उतरत, रस्त्यावरचं पाणी पाहून साड्या वर धरत, हिरव्या पाण्याले शिव्या घालत अन् उड्या मारून मंडपात जात. पूजा झाली, घंटी ऐकू आली. मंग तळणाचा वास आला.

"आता बसन पंगत," ती म्हणाली. "पहिली पाव्हण्यायची राह्यते. आपण शेजारचे, दुसऱ्या पंगतीत."

मी ओट्यावर उभा होतो. मले मंडपातलं दिसत होतं, तिले खुर्चीवरून दिसत नव्हतं. पंगतबिंगत काई नव्हती. लोक उभ्यानं जेवून राह्यले होते. हातात चमकत्या पन्नीच्या प्लेटा, टेबलामांगं टोप्या घातलेले वाढपी. चरत चरत फिरावं तसे फिरून राह्यले होते सगळे. अर्धं खाऊन प्लेट टबात फेकत, टब भरला का जमिनीवर. वरण-भात मातीत, गुलाबजाम मातीत, त्याच्यावर माशा अन् दोन कुत्री. उभ्यानं जनावर खाते. माणूस मांडी घालते.

मी तिले सांगितलं नाई.

दीडेक वाजता म्हटलं, "दोन घास खाऊन घे."

"समोर आवतन असून घरी जेवाचं? त्याह्यचा अपमान नाई होत?"

"अव, त्याह्यले ठाऊकबी नाई तू बसली आहेस."

"पत्रावळी ठेवून घेतल्या ना? मंग?" ती चिडली. "तुमचं मनच खोटं. तुम्हाले पैजेचं पडलं."

मी आत गेलो. सकाळचा भात होता, लाखोळीची डाळ होती. भूक लागली होती. मी खाल्लं. गॅसच्या ओट्याजवळ उभ्यानंच खाल्लं, भांडं वाजू नाई म्हणून बोटांनी खरवडलं. जनावराले नाव ठेवून आलो होतो अन् तसाच उभा होतो.

बाहेरून ती म्हणाली, "काय करून राह्यले?"

"पाणी पेतो."

मी जेवलो. ती नाई जेवली. हे मी कोणाले सांगितलं नव्हतं, पोरालेबी नाई. इथी लिहून टाकतो.

समोरचं गेट दहा पावलांवर होतं. मी जाऊन त्या बाईले म्हणू शकत होतो, 'पोरी, म्हातारी सकाळपासून नेसून बसली आहे, ये अन् चला म्हण.' ती आली असती. वाईट बाई नव्हती. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. मांगून आणलेलं आवतन कसलं, ती तर भीक झाली, असं मनात आलं. हे एक. दुसरं म्हणजे, ह्या गल्लीत चार वर्षं मी कोणासमोर तोंड उघडलं नव्हतं, अन् आता भिकाऱ्यासारखं उघडू? माही ताठ मान. त्या मानेची मले आता जेवढी किळस येते तेवढी त्या हिरव्या पाण्याचीबी येत नाई.

तीन वाजले असतील. भोंगा बंद झाला. मोठी भांडी टेम्पोत चढाले लागली, खणखण. ती आवाजानं उठून दारात आली. टेम्पो पाह्यला.

"संपलं काय?"

"संपलं."

तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. मंग म्हणाली, "मंग मी जिंकलो. संक्रांतीनंतर."

"हो. संक्रांतीनंतर."

"लुगडं बदलतो," म्हणून आत वळली, अन् चौकटीले हात लावून थांबली. तिथीच श्वास अडकला.

ऑटो आला, दहाच मिनिटं लागली. दवाखान्यातल्या लोकांनी काई कमी केलं नाई, धावले बिचारे. मास्क लावला, सुई देल्ली, छाती दाबली. मी भिंतीले टेकून चौथ्या वेळी ती चालत घरी येईल म्हणून उभा होतो. मधातच डॉक्टरीणबाईनं, पोरगीच होती ती, मले इचारलं, "आजींनी जेवण किती वाजता केलं?"

"केलं नाई."

"सकाळपासून? का बरं?"



दिवे लागले तेव्हा गेली. कागदपत्रं करून सकाळी नेता येईल म्हणाले. मी पोराले फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तिथीच करून टाकू. सगळी सोय आहे. मी दुपारपर्यंत पोचतो." मी म्हटलं, "तू गावाले ये." अन् फोन ठेवला. गावात एकच फोन केला, त्या बांधाच्या भांडणवाल्याले. त्यानं एवढंच म्हटलं, "आण तिले."

सकाळी मी घरी आलो. तिच्यासाठी दुसरं लुगडं न्याचं होतं, हिरव्याले दवाखान्याचं काईबाई लागलं होतं. गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन राह्यली होती. समोरच्या गेटपाशी कालच्या प्लेटायचा ढीग होता, वास सुटला होता. अन् ढिगाच्या बाजूले, भिंतीले टेकून, गठ्ठा. वरच्या चार-पाच पत्रावळी काढलेल्या, बाकी तशाच. दोन वेढे, शेवट आत खोचलेला.

मी गठ्ठा उचलला. तेवढ्यात ती बाई बादली घेऊन बाहेर आली, डोळ्यांत झोप.

"अय्या बाबा, त्या नेता का? न्या, न्या. आम्ही पाच घेतल्या नैवेद्याले. किती छान दिसल्या! आजीले सांगा, माह्या बहिणीले फोटो धाडला तर ती म्हणाली..." मंग तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. बहुतेक पहिल्यांदाच. "आजी कशा आहेत?"

"मेली."

बादली तिनं खाली ठेवली. "कधी?"

"तुमची भांडी टेम्पोत चढून राह्यली होती तवा श्वास अडकला. दिवे लागले तवा गेली."

मले तिले मारल्यासारखं लागावं असं वाटत होतं. अन् लागलं. ती खालीच बसली, पायरीवर, शनिवारी गठ्ठा जिथी ठेवला होता तिथी. मी तिले सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. पन्नास पत्रावळीची रीत, आवतन, हिरवं लुगडं, खुर्ची. चार वर्षांत ह्या गल्लीत मी एवढा बोललो नव्हतो.

"आम्हाले काय माहीत, बाबा?" ती रडाले लागली. "आम्ही तिकडं वर्ध्याकडचे. आम्हाले वाटलं आजींनी पूजेसाठी प्रेमानं आणल्या. तुम्ही एका शब्दानं सांगाचं होतं ना. मी हात धरून नेलं असतं त्याह्यले."

"हो," मी म्हटलं. "सांगाचं होतं."

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आमच्या दोघांसमोर उभी होती. गाडीवाल्यानं इचारलं, "गठ्ठा टाकायचा का?" मी म्हटलं, "नाई." अन् डोक्यावर घेतला.

मी लुगडं घेऊन निघालो तर ती गेटवर उभी. हातात स्टीलचा डबा. "कालचं आहे. पुरी, भाजी, गोड. मले समजत नाई काय देऊ. घ्या." शिळं अन्न. झाकणातून तेलाचा वास मारून राह्यला होता. पण कार्याच्या घरचं वाढलेलं आमच्याकडं नाकारत नाई. घेतला.

दवाखान्याच्या गाडीत बायको मधात, एकीकडं मी अन् एकीकडं गठ्ठा. पुलावरून वैनगंगा ओलांडली. गावात दर घरचा एक माणूस वाटेवर उभा होता, हातात एकेक लाकूड घेऊन. बाया होत्या. आमच्या बंद घराचं अंगण कोणीतरी सारवून ठेवलं होतं. पोरगा पोचला.

स्मशानाच्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. तिथी तिरडी खाली टेकवतात, मेलेल्या माणसाले शेवटचं वाढतात, खांदे बदलतात. गावच्या बायांनी भात आणला होता. मी म्हटलं, थांबा. गठ्ठ्याची गाठ सोडली. ओढली का लगेच सुटे तिची गाठ, सुटली. तिनं टाचलेली एक पत्रावळ काढली, दगडापाशी मांडली अन् मांडी घालून समोर बसलो. गुडघ्यातून कळ निघाली, तरी बसलो. डबा उघडला. पुऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या, भाजीवर तेल गोठलं होतं, गुलाबजाम फुटला होता. सगळं वाढलं. काई मांगं ठेवलं नाई.

बांधाच्या भांडणवाला माह्या खांद्यावर वाकला. त्यानं हळूच इचारलं, "भाऊ, हे कोणाकडचं?"

"समोरच्या घरचं," मी म्हटलं. "तिले आवतन होतं."

बाकीच्या पत्रावळी मी त्याच्या हातात देल्ल्या, मातीले आलेल्या लोकांच्या जेवणाले. मंग उठलो अन् खांदा देल्ला.